पांढरी पाचर

प्रसेनजीतचं पत्र आलं तेव्हा दिवाळी तोंडावर आली होती. आता दुसरी दिवाळी तोंडावर आली, तरी धोंडीरामनं त्याला उत्तर धाडलेलं नव्हतं. धाडायचं नव्हतं असंही नाही. पत्र आलं त्याच दिवशी तो कळंब्याच्या पोस्टातून पाकीट घेऊन आला, त्यावर पुतण्याचा पुण्याचा पत्ता ठसठशीत अक्षरात लिहिला, तिकीट चिकटवलं. आत घालायचा कागद तेवढा राहिला. ते रिकामं पाकीट अकरा महिने कपाटातल्या पुस्तकांतून फिरत होतं. धोंडीराम जे पुस्तक वाचायला घेई त्यात खूण म्हणून तेच घाली, आणि पुस्तक उघडलं की मजकुराच्या आधी पत्ता दिसे. शालूबाईनं एकदा विचारलंही, "अवो, पोराला चार वळी लिवायला हात झडत्यात काय तुमचं?" त्यावर तो "लिहितो की" म्हणाला आणि पान उलटलं.

पत्र त्याला पाठ झालं होतं. प्रसेनजीत पुण्यात मोटारींच्या एका संशोधन संस्थेत होता. 'काका, नव्या छोट्या गाडीच्या ब्रेक ड्रमवर माझं काम चाललंय. गाडी जितकी हलकी तितकं पेट्रोल कमी आणि धूर कमी, म्हणून ड्रमची भिंत पातळ करायची आहे. पण पातळ भिंतीत लोखंडाचा रस झटकन निवतो आणि माल ठिसूळ होतो. लेडलमधल्या रसात पावडर टाकल्यापासून तो साच्यात ओतेपर्यंत किती मिनिटं चालतात, त्यावर सगळं अडलंय. पुस्तकात पंधरा लिहिलंय. आमच्या प्रयोगशाळेतली भट्टी घमेल्याएवढी, तिथं काहीही केलं तरी बरोबरच येतं. खऱ्या फाउंड्रीत काय होतं ते रोजच्या रोज लिहून ठेवणारा एकच माणूस मला माहीत आहे. तुमच्या वह्या अजून आहेत ना?'

होत्या. अठरा होत्या. सातवी शिकलेला धोंडीराम सयाजीरावांच्या फाउंड्रीत सत्तावीस वर्षं मोल्डर होता. साचे भरता भरता, लेडलनं म्हणजे लांब दांड्याच्या मोठ्या पळीनं रस ओतता ओतता तो खिशातल्या पेन्सिलीनं वेळ टिपायचा आणि घरी येऊन वहीत उतरवायचा. कशासाठी, ते त्यालाही सांगता आलं नसतं. बोलायला सुचायचं नाही, म्हणून लिहायचा. आता खाटेखालच्या पत्र्याच्या ट्रंकेत त्या वह्या होत्या, आणि बाराव्या वहीत एक पान होतं. ते पान नसतं तर उत्तर केव्हाच पुण्याला पोचलं असतं.

त्या वर्षी दसरा रविवारी आला. घरादाराला तो धम्मचक्र प्रवर्तनाचा दिवस. सकाळी विहारात वंदना झाली, पांढऱ्या कपड्यांनी सगळे परत आले, आणि शालूबाईनं खपली गव्हाची खीर पुन्हा चुलाणावर चढवली. आज जेवायला ज्ञानू येणार होता. बारा वर्षांनी.

धाकटा भाऊ. लग्नाकार्यात, मयतीत भेटायचा, दोन शब्द बोलायचा. पण या उंबऱ्याच्या आत त्यानं बारा वर्षांत पाणी घेतलं नव्हतं. आणि ते बरोबरच होतं, असं धोंडीराम मनाशी म्हणायचा. आपण त्याच्या जागी असतो तर मयतीतही बोललो नसतो.

सकाळपासून त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. चष्मा पुसला, पुन्हा पुसला. खुर्ची सावलीत ओढली, मग फाटक दिसेना म्हणून परत उन्हात आणली.

"जरा एका जागी बसा बघू," शालूबाई आतून ओरडली. "पाव्हण्यावानी फिरायलाय आपल्याच घरात."

साडेअकराला रिक्षा थांबली. आधी उतरली आक्काताई, दोघांची थोरली बहीण, मुरगूडची. मागून ज्ञानूची लेक, प्रसेनजीतची बहीण अक्षता; वारणानगरच्या शाळेत शिकवायची. शेवटी ज्ञानू. केस सगळे पिकलेले, पण चाल तीच, जरा पुढं झुकलेली, लेडलच्या दांड्याला खांदा लावल्यासारखी. त्यानं आत येऊन फाटकाची कडी घातली, चार पावलं टाकली, आणि परत फिरला. कडीला हात लावून बघितला. पुन्हा चार पावलं आला. पायरीशी चपला काढल्या, त्याही एकदा सरळ केल्या, एकदा मागं वळून बघितल्या.

 धोंडीरामला वाटलं, याचे पाय आत यायला तयार नाहीत.

"जय भीम, दादा."

"जय भीम. ये. बस."

यापुढं काय बोलायचं ते बारा वर्षांत त्यानं पुष्कळदा ठरवलं होतं. त्यातलं एकही आठवेना.

"गाडीला गर्दी होती का?" त्यानं विचारलं.

"रविवार की," ज्ञानू म्हणाला.

संपलं.

पंगत सोप्यात बसली. धोंडीराम भिंतीकडं सरकला, ज्ञानू दाराकडं. आक्काताईनं दोघांकडं बघून कमरेवर हात ठेवले.

"शेजारी बसा. न्हाय, तिकडं न्हाय, हितं. मी मुरगुडास्नं दोन गाड्या बदलून आलोय, ते तुमची तोंडं दोन दिशेला बघायला न्हवं."

बसले. मांडीला मांडी लागत होती. धोंडीरामचा मुलगा सूरज समोर बसला. एकतीस वर्षांचा, बोटांच्या पेरांत काळं तेल मुरलेलं. उद्यमनगरात त्याचे दोन लेथ होते. सयाजीराव थकल्यापासून फाउंड्री त्यांचा मुलगा धैर्यशील बघत होता, आणि तिथले ड्रम कातायला सूरजकडं येत. दोन्ही लेथवर दुसरं काही नव्हतंच.

खिरीची दुसरी वाढ होईपर्यंत पावसापाण्याचं बोलणं झालं. मग अक्षतानं विषयाला हात घातला.

"काका, काल पुण्यास्नं प्रसेनजीतदादाचा फोन आलता. शुक्रवारी त्यांची बैठक हाय. पंधरा मिनिटांचा आकडा पक्का करणार हैत. एकदा छापलं की मग ड्रम ओतणाऱ्या सगळ्यांना तोच नियम."

"मग असू दे की पंधरा," सूरज म्हणाला. "पुस्तकातच हाय न्हवं? पुस्तकं लिवणारी काय येडी हैत?"

"पुस्तक बाहेरच्या देशातल्या भट्ट्या बघून लिहिलंय. दादा म्हणतो, पातळ ड्रमला पंधरा जास्त होत्यात. पण त्याच्या हातात पुरावा न्हाय. नुसतं 'मला वाटतं' म्हटल्यावर कोण ऐकणार?"

"मग वाटू दे त्याला. सगळ्यांस्नी कायतरी वाटतंच."

"सूरजदादा, ड्रम फुटला तर गाडीत बसल्याला माणूस जातो. ह्यात वाटायचं काय?"

"अगं पण आबांच्या वह्या कशाला त्यात?" सूरजनं पुरी ताटात टाकली. "ऐक. परवा धैर्यशील साहेबांनी मला केबिनमधी बोलावलं. दार लावून घेतलं. म्हणाले, 'सूरज, तुझ्या वडलांच्या वह्या म्हणजे आमच्या फाउंड्रीचा माल. त्या पुण्याला गेल्या, तर मला तुझ्याबद्दल वेगळा विचार करावा लागेल.' असं. शांतपणानं. त्यास्नी बी त्या नव्या गाडीच्या ड्रमचं काम पायजे हाय. चार माणसं हैत माझ्याकडं कामाला. उद्या लेथवर काय कातू, मुळं?"

आक्काताई फस्सकन हसली, पण एकटीच.

"साहेबाला कसं कळलं, काकांच्या वह्या हैत म्हणून?" अक्षतानं विचारलं.

"सगळ्या उद्यमनगराला म्हाईत हाय. पेन्सिल कानावर घिऊन रस ओतणारा दुसरा कोण हुता?"

"मग साहेबाला त्या वह्यांची भीती का वाटायली?" अक्षता सावकाश म्हणाली. "त्यात हाय तरी काय?"

 आतल्या नळाला पाणी आलं होतं आणि बादलीत आवाज करत पडत होतं. ज्ञानू उठला, आत जाऊन नळ बंद केला, परत आला. बसता बसता पुन्हा उठला, पुन्हा आत गेला, नळ बघून आला.

"काय असणार?" बसत तो म्हणाला. "मी पावडर विसरल्यालं असंल. दुसरं काय."

धोंडीरामचा हात ताटातच थांबला.

"बघा," ज्ञानू खिरीकडं बघत बोलत राहिला. "आक्कानं बोलावलं म्हणून मी आलो असं वाटत असंल सगळ्यांस्नी. तसं न्हाय. दादा माझ्या पोराला उत्तर का देत न्हाय ते मला कळलंय. माझ्यापायी देत न्हाय. वह्या पाठवल्या तर बैठकीत बापाची चूक पोरालाच वाचून दावायला लागंल, म्हणून हा बिचारा गप बसलाय. आजपतोर घरी यायला बी मला त्याचीच लाज वाटायची. सगळं निस्तरायला ह्याला लागलं. दादा, पाठव तू. विसरलो तर विसरलो. आता काय त्याचं लोणचं घालायचं हाय?"

धोंडीरामला ऐकू येत होतं, पण ते शब्द दुसऱ्याच कुणाविषयी असावेत असं वाटत होतं. लाज? ज्ञानूला? बारा वर्षं तो ज्याला भावाचा राग समजत आला होता, तो राग नव्हताच.

"विसरलास," तो कसाबसा म्हणाला, "ते तुला आठवतं?"

"न्हाय की. तीच तर गंमत. टाकलेली आठवती. डब्याचं टोपण वाकडं झालतं, निघंना, पान्यानं ठोकून काढलं, ते बी आठवतं. पण साहेबांनी तुला विचारलं, आणि तू म्हणालास, बघितल्याचं आठवत न्हाय. तू लेडलच्या शेजारी हुतास. मग काय? माझ्या मनातच टाकली असंल. तू कवा खोटं बोललाईस?"

शालूबाईनं वाढायचा डाव भांड्यात ठेवला.

धोंडीराम उठला. हात न धुता, तसाच.

"आबा, जेवा आधी," सूरज म्हणाला. मग त्याच्या ध्यानात आलं. "आबा! मी काय सांगिटलं आत्ता? बसा खाली."

"त्यास्नी जाऊ दे," शालूबाई म्हणाली.

"आई, तू मधी पडू नको."

"मधीच हाय मी. तीस वर्षं त्या ट्रंकेवर झोपतोय. बघू दे तरी काय टोचतंय ते."

ट्रंकेची कडी गंजली होती. डावा हात पुरेना आणि उजवा खिरीचा. शेवटी धोतराला हात पुसून त्यानं ती काढली. बारावी वही आणि तिच्याखालची फडक्याची पुरचुंडी घेऊन तो बाहेर आला. उभ्यानंच वही उघडली. पान शोधावं लागलं नाही. चष्मा कपाळावर होता, तो खाली ओढला, आणि वाचायला लागला. आवाज इतका बारीक, की आक्काताई म्हणाली, "मोठ्यानं."

"'खंडेनवमी, एक्क्याण्णव. कोक कोळसा उशिरा आला, भट्टी उशिरा. अकरा दहा, ज्ञानूनं लेडलमध्ये पावडर टाकली, डबा पूर्ण.'" इथं त्याला थांबावं लागलं. "'टोपण वाकडं झालंय, नवा डबा मागवणे.'"

ज्ञानूनं मान वर केली.

"वाच," तो म्हणाला.

"'अकरा अकरा, ज्ञानू अर्धी रजा घेऊन विहाराच्या कामाला गेला. अकरा बारा, हत्यारांच्या पूजेचा मुहूर्त. साहेबांनी ओतकाम थांबवलं. आरती. अकरा तेवीस, ओतकाम सुरू. शेवटचे बावीस ड्रम. पहिल्या ड्रमबरोबर पाचर ओतली. एक पाच, पाचर फोडली. टोकापासून अर्धं बोट पांढरी. तीन चाळीस, ट्रक गेला.'"

पुढं कोरं होतं.

खुलाशाची गरज अक्षताला आणि आक्काताईला होती. ज्ञानू आणि सूरजला नव्हती. लोखंडाच्या रसात ती पावडर पडली की माल आतून करडा आणि समजूतदार होतो. पण पावडरीचा जोर मिनिटामिनिटाला उतरतो. जोर गेला की तेच लोखंड आतून पांढरं, काचेसारखं कडक आणि ठिसूळ निपजतं. म्हणून मोल्डर ड्रमबरोबर एक छोटी पाचर ओततात, निवली की हातोड्यानं फोडतात आणि तोंड बघतात. त्या दिवशी सयाजीरावांना मुहूर्त चुकवायचा नव्हता. भट्टीला, घणाला, चाळणीला हळदकुंकू लागलं होतं आणि त्यांना आता उद्यापर्यंत कुणी शिवायचं नव्हतं. लेडल तेवढी भरलेली म्हणून बिनकुंकवाची राहिली होती, म्हणून ती नंतर ओतायला मोकळी, असा भटजींनी तोडगा काढला होता. लेडलवर झाकण ठेवलं, पाच नारळ फुटले, दोन आरत्या झाल्या. धोंडीराम "साहेब, रस..." असं म्हणाला होता. ते फक्त लेडलनं ऐकलं.

दोन महिन्यांनी त्यातला एका मालट्रकला बसवलेला ड्रम घाटात फुटला. ड्रायव्हरनं ट्रक डोंगराला घातला म्हणून वाचला, पण पाय गेला. चौकशीत फुटलेल्या ड्रमचं तोंड पांढरं दिसलं. पावडर टाकणारा ज्ञानू. टाकली नसणार, असं ठरलं. सयाजीरावांनी केबिनमध्ये धोंडीरामला विचारलं, तुम्ही पाहिलंत का? तो म्हणाला, आठवत नाही. ज्ञानूचं काम गेलं, आणि तो वारणेला साखर कारखान्यात फाटकावर जाऊन बसला.

"एक पाच ते तीन चाळीस," ज्ञानू म्हणाला. त्याचा आवाज अगदी सपाट होता. "पाचर फोडलीस. पांढरी बघितलीस. आणि ट्रक तीन चाळीसला गेला. मधी काय करत हुतास?"

"केबिनपर्यंत गेलतो. दोनदा."

"मग?"

"आत पावणं हुते. पेढे वाटायले हुते. मला बी दिला."

"पेढा."

"व्हय."

"खाल्लास?"

धोंडीरामनं वहीकडं बघितलं. ते तिथं लिहिलेलं नव्हतं.

"खाल्ला," तो म्हणाला.

आक्काताईनं कपाळावर हात मारून घेतला. "आणि आम्ही! तुला बोलता येत न्हाय म्हणून तुला साधा म्हणत आलो. जल्मभर! आईनं मरताना मला सांगिटलं, धोंड्याला सांभाळ, लई गरीब हाय. ह्यो गरीब!"

"आत्या, थांब," अक्षता म्हणाली. ती बापाकडं बघत होती.

ज्ञानूनं हात पुढं केला. धोंडीरामनं पुरचुंडी त्याच्या हातावर ठेवली. आत पाचरेचा फुटका तुकडा होता, बोटाएवढा, बाहेरून गंजलेला. ज्ञानूनं दारात उजेडाला धरून तोंड बघितलं, अंगठ्यानं गंज घासला, पुन्हा बघितलं.

"बारा वर्षं," तो म्हणाला, "घराला कुलूप लावलं की मी पन्नास पावलांवरनं परत येतो. गॅस दोनदा बघतो. नळ दोनदा. हिच्या आईला वाटायचं डोक्यावर परिणाम झालाय. कारखान्यात मला काट्यावर मोजमापाचं काम देत हुते, बरं काम. मी म्हटलं नको, फाटकावर बसवा. फाटक उघडं का बंद, ते तरी लांबनं दिसतं." तो थांबला. "तू मला चोर म्हणाला असतास तरी चाललं असतं, दादा. मी चोर न्हाय हे मला म्हाईत असतं."

धोंडीरामला पायाखालची फरशी दिसत होती, तिच्यावर सांडलेली खीर दिसत होती. मुंग्या यायला लागल्या होत्या.

"साहेबांनी विचारलं त्याच आठवड्यात सूरजची तिथं भरती व्हायची होती," तो म्हणाला, आणि सूरजनं मान झटक्यानं वर केली तशी घाईनं पुढं बोलला, "पण त्याच्यावर ढकलत नाही मी. तो नसता तरी बोललो नसतो. ट्रक जाऊ दिला मी. पावडर टाकली होती म्हटलं असतं, तर मग माल बिघडला कशानं, आणि मला कधी कळलं, हे आलं असतं. तेवढ्यासाठी."

 सूरजनं ताट बाजूला सारलं.

"तेरा मिनिटं," तो पुटपुटला.

"काय?"

"अकरा दहा ते अकरा तेवीस. तेरा झाली. पुस्तकात पंधरा चालत्यात, आणि हितं तेरालाच पांढरं." तो उठून उभा राहिला, दोन पावलं चालला, परत आला. "गेल्या महिन्यात एक खेप आलती साहेबांकडनं. नव्या ड्रमच्या नमुन्याची. कातायचं टूल जळायलं हुतं लेथवर. एका ड्रमला दोन-दोन टूल. असा कडक माल मी कवा बघितला न्हवता. साहेबांस्नी सांगिटलं, तर म्हणाले, टूल बदल आणि काम कर."

"मग?" अक्षतानं विचारलं.

"मग काय. टूल बदललं." त्यानं बापाकडं बघितलं, फार वेळ नाही. "मी बी खाल्लाच की पेढा."

"सूरज..." धोंडीराम म्हणाला.

"लिवा," सूरज म्हणाला. "काय लिवायचं ते लिवा. माझं नाव घालू नका, एवढंच." आणि तो चपला घालून बाहेर कट्ट्यावर जाऊन बसला. धैर्यशील साहेबांचं काय करायचं, हे कुणी त्याला विचारलं नाही.

ताटं उचलली गेली. शालूबाईनं जागा पुसून घेतली आणि त्याच जागी कागद, पेन आणि आठवी ते सोळावी अशा नऊ वह्या आणून ठेवल्या. धोंडीरामचं कुठलं पुस्तक वाचायचं चाललंय तेही तिला ठाऊक होतं. त्यातून तिनं पाकीट काढून आणलं. कडा मळून मऊ पडल्या होत्या.

धोंडीरामनं पेन उचललं. सवयीनं त्याच्या मनात आलं, की आपलं अक्षर बैठकीतल्या लोकांना वाचता येईल का, आपली भाषा त्यांच्यापुढं बरी दिसेल का, आणि एका मोल्डरच्या सांगण्यावरून पुस्तकातला आकडा कोण बदलेल. या शंका नेहमीच्याच होत्या. त्यांच्या आडून अकरा महिने गेले होते.

"सुरुवात कशी करू?" त्यानं विचारलं, कुणालाच नाही असं.

"पयलं माझं लिव," ज्ञानू म्हणाला. तो दारातच बसला होता, पाठ करून. "ड्रमचं मागनं."

धोंडीरामनं लिहिलं. 'चि. प्रसेनजीत यास धोंडीकाकाचा जय भीम. तुझ्या वडिलांनी पावडर टाकली होती. मी पाहिलं होतं. त्याची नोंद माझ्याजवळ आहे, आणि ती मी लपवली.' एवढं लिहून त्यानं पेनाचं टोपण लावलं, आणि मग पुन्हा काढलं. पुढचं सोपं गेलं. एकेक वही उघडून अक्षता आकडे वाचत गेली आणि तो उतरवत गेला: किती वाजता पावडर, किती वाजता ओतकाम, पाचर किती पांढरी. जाड मालाला दहा मिनिटं चालली होती, क्वचित अकरा. पातळ मालाला आठाच्या पुढं एकदाही नाही. एकशेचाळीस ओळी झाल्या. शेवटी त्यानं लिहिलं, 'आठच्या पुढं जाऊ नका. कुणी थांबायला सांगितलं तर रस जमिनीवर ओता, पण साच्यात ओतू नका. हे सांगायला मला उशीर झाला.' सही केली. अक्षतानं वह्या पिशवीत भरल्या. झेरॉक्स काढून आणते म्हणाली. कागद पाकिटात मावेनात, तेव्हा दुमडून, दाबून घातले. शालूबाईनं आणखी दोन तिकिटं शोधून दिली.

"हे मीच घेऊन जातो की पुण्याला," अक्षता म्हणाली. "बुधवारी जाणार हाय."

"नको," धोंडीराम म्हणाला. "टपालानंच जाऊ दे. पत्र टपालानं आलतं."

उन्हं उतरली तसा ज्ञानू निघाला. आक्काताई राहणार होती. धोंडीरामशी ती अजून बोलत नव्हती, आणि त्याच्या बाजूनंही कुणी बोलू नये असा तिचा चेहरा होता. अक्षता पिशवी घेऊन पुढं गेली. कट्ट्यावरून सूरज उठला, "सोडतो स्टँडवर," म्हणाला. ज्ञानू म्हणाला, "चालतो मी नाक्यापतोर. गाडी घिऊन ये तिथं."

दोघं भाऊ फाटकाबाहेर पडले. ज्ञानूनं कडी घातली. धोंडीराम चार पावलांवर थांबला, तो परत फिरेल म्हणून. ज्ञानू त्याला ओलांडून पुढं चालत गेला. त्याचा डावा खिसा लोंबत होता. पाचर त्यानं परत दिली नव्हती.

रस्त्यावर पोरंबाळं आपट्याची पानं घेऊन घरोघर हिंडत होती. नाक्यावर निळे झेंडे होते, मिरवणूक रंकाळ्याकडं गेल्याचं कुणीतरी सांगत होतं.  धोंडीरामला विचारायचं होतं, पुन्हा येशील का. विचारायचा हक्क आपल्याला आहे का, हे त्याला ठरवता आलं नाही, आणि तोवर पोस्टाची पेटी आली.

"उद्या दहाला उघडत्यात," तो म्हणाला. "मंगळवारी पोचंल."

"टाक मग."

त्यानं पाकीट फटीत सरकवलं. अर्धं आत गेलं, जाड असल्यानं अडकलं. बोटं सुटेनात. बारा वर्षांपूर्वी दुपारी एक पाच ते तीन चाळीस तो असाच एका दाराशी उभा होता, एक पाऊल आत, एक बाहेर, हातात एक पांढरी पाचर.

"दादा," ज्ञानू म्हणाला. "सोड."

त्यानं सोडलं. रविवारची पेटी रिकामी होती. पाकीट तळाशी धप्पकन आपटलं. धोंडीरामनं वाकून फटीत बघितलं, आत काळोख होता. त्यानं वळून भावाकडं पाहिलं.

"पडलं," ज्ञानू म्हणाला. तो पेटीकडं बघतही नव्हता. सूरजच्या गाडीचा आवाज आला तसा रस्ता ओलांडायला निघाला, आणि मागं फिरला नाही.